एकावर एक चौक

"याला तेवढा बाहेर काढून द्या," भिंतभर फोटोतल्या एका तरुणावर बोट ठेवून बाई म्हणाली.

छायाचित्रकाराला आधी हसूच आलं. प्रदर्शन लागल्यापासून लोकांनी त्याला नाही नाही ते विचारलं होतं, पण हे नवीनच. फोटो एका चौकाचा. एकाच जागी कॅमेरा रोवून दिवसभर टिपलेली शेकडो चित्रं त्यानं एकावर एक चढवली होती. बसमधून माणसं आरपार चालली होती, माणसांतून सायकली. शहर कसं उसळतंय बघा, असं येणारा जो तो म्हणायचा आणि छायाचित्रकाराच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

"कोण हा, मावशी?"

"मुलगा माझा. घरोघर सामान पोचवायचा. गेल्या महिन्यात ट्रकखाली आला. फोनचाही चुरा झाला." तिची नजर फोटोवरून हलत नव्हती. "आज त्याची खोली रिकामी करायला आले, तर रस्त्यावरून इथल्या काचेतून हा दिसला. कॅमेरा बघितला की तोंड फिरवायचा मेला..."

शब्द निघून गेला आणि तिनं जीभ चावली. मग हळूच म्हणाली, "घरी भिंतीवर लावायला शाळेतला फोटो आहे. मिसरूडसुद्धा फुटलेलं नाही त्यात. इथं बघा, कसा सरळ बघतोय."

छायाचित्रकाराचं हसू कुठल्या कुठे गेलं. त्या क्षणाचं मूळ चित्र असतं, तर चुटकीसरशी काम झालं असतं. पण थर एकजीव झाले की मूळ चित्रं पुसून टाकायची, ही त्याची रीत. परतीचे दोर कापल्याशिवाय काम पुरं होत नाही, असं तो मुलाखतींतही ऐटीत सांगायचा. आज त्याला त्या ऐटीची लाज वाटली.

"सुटा फोटो नाही माझ्याकडे," तो म्हणाला. "पण यातूनच कापून काढतो. मोठा करून देतो."

त्यानं लॅपटॉप उघडला. चेहरा मोठा मोठा होत पडदाभर झाला. बाईनं पडद्यावरच्या गालावर तळहात टेकवला. मग हात मागे घेऊन म्हणाली, "डावा डोळा त्याचा नाही."

खरंच नव्हता. त्याच जागेवरून दुसऱ्या कुठल्या तरी वेळी दुसराच कुणी पोरगा गेला होता आणि त्याचा डोळा नेमका वर येऊन बसला होता.

"एवढंच ना? तो पुसतो आणि उजव्यासारखाच बसवतो. कुणाला कळणारही नाही."

बाईनं त्याचं मनगट घट्ट धरलं.

"नको दादा, पुसू नका. उद्या त्याची आई शोधत आली, तर तिला काय दाखवाल?"