न्यायला आले नाहीत

"शिट्टी कुणाची म्हणालात, आजोबा?" नातीने पेन्सिल थांबवून विचारलं.

"माझ्या काकांची. रेल्वेत गार्ड होते. मागच्या खेपेला मामांची म्हणालो होतो का?"

"हो."

"मग मामांची. वय झालं आता माझं."

उद्या तिच्या बाबांचा साठावा वाढदिवस. भेट म्हणून ती घराण्याची वंशावळ काढत होती आणि तिची सगळी मदार आजोबांच्या पत्र्याच्या डब्यावर होती. डब्यात ती शिट्टी, एका काडीचा चष्मा, शर्यतीचं पदक आणि तळाशी बाळाचं दुपटं. प्रत्येक वस्तूला लाल दोऱ्याने कापडाची चिंधी बांधलेली, चिंधीवर आकडा. आजोबांनी पन्नास वर्षं लाँड्री चालवली होती. खुणेची चिंधी लावल्याशिवाय ते स्वतःचा रुमालही धूत नसत. त्यामुळे तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पदक आजोबांच्या वडिलांचं. बाबांना त्याचा भारी अभिमान. "धावणं आमच्या रक्तात आहे," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत, आणि दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांना धाप लागे.

"आणि हे दुपटं?"

"ते तुझ्या बाबाचं. नीट घडी घाल."

बस्, एवढंच. आजोबांनी गोष्ट सांगितली नाही हे नवलच होतं.

फुटपट्टी शोधायला तिने कपाट उघडलं आणि लाँड्रीची जुनी वही हाती लागली. सहज चाळली.

'११८. करड्या कोटाच्या खिशात शिट्टी. न्यायला आले नाहीत.'

'२०३. विजारीच्या खिशात पदक. दोनदा निरोप धाडला. न्यायला आले नाहीत.'

ती वही घेऊन आजोबांसमोर बसली. त्यांनी वही पाहिली आणि चष्मा पुसायला घेतला.

"म्हणजे सगळ्या थापा?"

"थापाच. मी अनाथालयात वाढलो, पोरी. तुझा बाबा शाळेत जायला लागला आणि विचारायला लागला, माझे पणजोबा कोण, आजोबा कोण. कुणीच नाही, असं कसं सांगू त्याला? दुकानात एवढ्या माणसांच्या वस्तू पडून होत्या. त्यांनाच नातेवाईक करून टाकलं."

तिला आधी राग आला, मग हसू, मग डोळेच भरून आले. या म्हाताऱ्यावर चिडायचं तरी कसं?

"तुझ्या बाबाला सांगू नकोस," ते हळूच म्हणाले. "उद्या तर नकोच."

"नाही सांगत. पण पदक कुणाचं लिहू?"

"माझ्या वडिलांचंच लिही. इतकी वर्षं सांभाळलंय मी त्यांना."

तिने वंशावळ पुरी केली. आजोबांच्या खाली बाबांचं नाव जरा ठळक लिहिलं. एवढं तरी खरं होतं.

आजोबा खुर्चीतच पेंगायला लागले. ती दुपट्याची घडी घालू लागली, तर त्याच्याही कोपऱ्याला तोच लाल दोरा, तीच चिंधी. ३४०. पोटच्या पोरालाही सोडलं नाही यांनी, म्हणत ती स्वतःशीच हसली आणि गंमत म्हणून तिने वही पुन्हा उघडली.

'३४०. चादरींच्या गाठोड्यात दुपटं, दुपट्यात मुलगा. दोनेक महिन्यांचा. हसतो. न्यायला कुणी येऊ नये.'