बॉण्डेड बुलेट

पत्नी गेल्यावर राजाभाऊ कतारला, मुलाकडे राहायला आले. मिहीर ऑफिसातून यायचा, फोन बघत जेवायचा आणि झोपायचा. बॉसबरोबर आफ्रिकेत शिकारीला चाललोय, एवढंच काय ते त्यानं सांगितलं होतं.

राजाभाऊंना रक्त बघवत नसे, तरी आठवडाभर त्यांनी शिकारीचे व्हिडिओ पाहिले.

"मिहीर, मोठ्या जनावराला बॉण्डेड बुलेट घे. आतलं शिसं वरच्या तांब्याला घट्ट जोडलेलं असतं. हाडावर आपटली तरी सहसा फुटत नाही."

मिहीरनं फोन खाली ठेवला. हात वाळेपर्यंत दोघं ताटावर बोलत बसले.

चार दिवसांनी तो म्हणाला, "बाबा, शिकार कॅन्सल झाली. बॉसला आता गोल्फ खेळायचंय."

"बरं," राजाभाऊ म्हणाले आणि खोलीत जाऊन गोल्फचे व्हिडिओ लावून बसले.