मोहफुलांचा शेक

"बस," गोमाजी म्हणाला. "उकिडवा बस अन् हात न टेकता ऊठ. पाच डाव. मंग उद्याच्या फायनलचं बोलू."

गोमाजी दिघोरीच्या फुटबॉल टीमचा कप्तान. त्याच्यापाशी डाक्टर-गिक्टर काही नाई. पाय बरा झाला का, हे पाहाची त्याची हेच एक रीत.

यादोराव अंगणात उभा. काल लाखनीले सेमीफायनलमंधी चिखलात असा अडून खेळला का एक गोल होऊ देला नाई. मॅच सुटल्यावर नाचला बी. पाय अकडले ते आज सकाळी. पोटऱ्या लाकडावानी, उजवा गुडघा टम्म. दिवसभर बाजेवर पडून होता. बायको चंद्रकला आताच धानाच्या रोवण्यावून आली. आल्याबरोबर मोहफुलं उकळली, फडक्यात बांधून गरम गाठोडं त्याच्या हाती देलं अन् सयपाकाले लागली.

गाठोडं खाली ठेवून तो बसला. डोळ्यांत पानी आलं. मांडीवर हात देऊन उठला.

"हात नोको लावू बे!"

दुसऱ्या डावाले अर्ध्यात अटकला अन् धपकन बुडावर पडला. कोंबड्या पळाल्या.

गोमाजी हसला नाई. "डोमाले नेतो."

"डोमा? त्याले बॉल कोणता अन् ढेकूळ कोणतं, समजते का?"

"त्याचा गुडघा वाकते," गोमाजी म्हणाला. कुपाटीवर वाळत टाकलेली पाच नंबरची जर्सी त्यानं वढली. वलीच होती. खांद्यावर टाकून निंगून गेला.

यादोरावनं आपल्याच मांडीवर बुक्की हाणली. "काल नव्वद मिनिटं घोड्यावानी पळाला, अन् आज नुस्तं बस म्हनलं त बसत नाई, हरामखोर!"

गाठोडं उचललं अन् भिरकावलं. ते दारात जाऊन पडलं.

चंद्रकला चुलीपासून उठून आली. कमरेत वाकलेलीच. आज रोवण्याचा एकोणिसावा दिवस.

"फेकता कायले?" तिनं गाठोडं उचललं, माती झटकली. "गरम हाये अजून."

कमरेवर दाबून धरलं, पदरानं कचकचून बांधलं. मंग चौकट धरून हळूहळू सरळ झाली.

पुरी सरळ नाई झाली.