दोन दारांचं दुकान

परवाना खात्याच्या ग्रॅहमसाहेबांनी टेप दुकानातल्या नव्या भिंतीवर जमिनीपासून थेट छतापर्यंत नेली आणि समाधानाने मान हलवली. मागच्या खेपेला भिंतीच्या वर वीतभर फट राहिली होती, म्हणून व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, विकायचा परवाना अडला होता. दुकानदार किरीट पटेलने ती फट बुजवली होती.

ऑकलंडच्या दक्षिणेकडच्या त्या कोपऱ्यावर आता एका दुकानाची दोन झाली होती. भिंतीच्या डावीकडे किरीटची जुनी डेअरी, म्हणजे दूध, पाव, गोळ्या आणि आइस्क्रीम. उजवीकडे व्हेपचं खास दुकान. त्याला वेगळं दार, वेगळा पत्ता आणि अठराच्या आतल्यांना मनाई करणारी मोठ्ठी पाटी. तिथल्या व्हेपच्या चवी मात्र आइस्क्रीमच्याच होत्या. मालकही तोच, गिऱ्हाईक ज्या दाराने येईल तिकडे तो मागच्या बोळातून धावायचा. रस्त्यापलीकडे शाळा होती, पण साहेबांची टेप तिथवर पोचत नव्हती.

साहेब येणार हे कळल्यावर डेअरीची जुनी गिऱ्हाईक नाइरी मुद्दाम डेअरीत आली होती. तिच्या चौदा वर्षांच्या नातीला, मेरेआनाला, किरीटनेच व्हेप विकलं होतं. गेल्या आठवड्यात ती पोर नेटबॉल खेळता खेळता कोसळली आणि अजून हॉस्पिटलात नळीने श्वास घेत होती. या माणसाला परवाना देऊ नका, एवढंच नाइरीला सांगायचं होतं, आणि तिने ते आवाज न चढवता सांगितलं.

साहेबांनी फार अदबीने ऐकून घेतलं. विक्रीची तक्रार दुसऱ्या खात्याकडे, आपल्याकडे फक्त जागा, असं समजावलं. शिवाय विषय व्हेपचा असल्याने तो डेअरीत काढणं बरं नव्हे, आपण शेजारीच निघालोय, तिकडे या म्हणाले. किरीटनेही मान डोलावली. अशी साळसूद माणसं एकमेकांना बरोबर भेटतात.

नाइरी बाहेर पडली आणि दुसऱ्या दाराने आत शिरली. किरीट तिच्याआधीच पोचला होता. डोक्यावर नवी काळी टोपी होती.

"वयाचा दाखला, आंटी."

ती हसली. बाकी कोणी हसलं नाही.

"एकाहत्तर वर्षांची आहे मी, किरीट. तू दुकान उघडलंस त्या दिवशी पहिला पाव मी नेला होता."

"ते सगळं खरं, आंटी. पण आत यायचं तर दाखला लागतो."

तिचं लायसन्स घरी राहिलं होतं. किरीटने नम्रपणे दार उघडून धरलं आणि म्हातारीला फुटपाथवर काढलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे फाशी देणारा चोरच होता. साहेब खूश झाले. असे चोख दुकानदार मिळत नाहीत हल्ली, असं म्हणून त्यांनी तिथल्या तिथे सही ठोकली.

नाइरी उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"मेरेआनाला विचारला होतास दाखला?"

किरीटला प्रश्नच कळेना. त्याच्या चेहऱ्यावर शरम नव्हती, नुसतं नवल होतं.

"तेव्हा ही भिंत कुठे होती, आंटी?"

"अगदी बरोबर," ग्रॅहमसाहेब म्हणाले.