लेन्सचं झाकण

"ताई, सांगून पटायचं नाही तुम्हाला, पण असला प्रकार माझ्या पस्तीस वर्षांत घडला नाही!" कॅमेरा दुरुस्तीवाले काका छातीठोकपणे म्हणाले.

ताईंच्या नवऱ्याला जाऊन महिना झाला होता. त्याच्या जुन्या जपानी कॅमेऱ्यात त्याने काढलेला शेवटचा रोल होता. "जपा हं," असं ताईंनी दोनदा बजावूनही काकांनी सकाळी, हाताच्या सवयीने, भर उजेडात कॅमेऱ्याचं मागचं दार उघडलं होतं. उजेड लागून अख्खा रोल वाया गेला होता.

"जीव ओतून रोल धुतला, पण छत्तीसच्या छत्तीस फोटो कोरे! अहो, या कॅमेऱ्यात बघायची खिडकी वेगळी, लेन्स वेगळी. लेन्सवर झाकण राहिलं तरी खिडकीतून सगळं लख्ख दिसतं. कुणीही फसेल. साहेब झाकण काढायलाच विसरले, दुसरं काय!"

ताई बराच वेळ कॅमेऱ्यावरून बोट फिरवत राहिल्या.

"काका, याचं झाकण लग्नाच्या पहिल्याच वर्षी माझ्या हातून समुद्रात पडलं. दुसरं आम्ही घेतलंच नाही."