एक खड्डा, दोन आया

लाउरिंदुची धाकटी लेक सासरी गेली, त्या वर्षी पावसाने डोंगर खचला आणि रस्त्याच्या कामावरच्या माणसांना घळीतल्या चिखलात माणसाची हाडं सापडली. त्यांनी ती टोपलीत घालून चर्चच्या ओट्यावर आणून ठेवली. दुपारपर्यंत टोपलीच्या दोन्ही बाजूंना एकेक आई येऊन बसली.

बेन्विंदा म्हणाली, हा माझा झुव्हिनाल. मार्सेलिना म्हणाली, हा माझा एल्विनु. मागे, १९९९ मध्ये, गावं जाळली गेली तेव्हा दोघींचे मुलगे रानात पळाले होते, ते परत आले नव्हते. तेव्हापासून दोघींच्या अंगावर काळे कपडे होते. मुलाला पुरून वर्ष झाल्याशिवाय काळं उतरवायचं नाही, अशी तिमोरची रीत.

बेन्विंदाचा भाऊ तोमे म्हणाला, "कोर्टात जाऊ. हाडं तपासायला बाहेरदेशी पाठवतात."

"आणि तोवर?" मार्सेलिनाने विचारलं.

"तोवर सरकारी कपाटात राहतील."

"कपाटात? माझा मुलगा म्हणजे काय दप्तर आहे?"

संध्याकाळी मार्सेलिनाच्या पत्र्यावर दगड पडले. सकाळी बेन्विंदाचं डुक्कर मरून पडलेलं दिसलं. तेव्हा लोकांनी लाउरिंदुला बोलावलं. गावातली भांडणं तोच मिटवायचा.

त्याने टोपलीवरचं फडकं उचललं, पाहिलं आणि पुन्हा नीट झाकलं. "चटई घाला," तो म्हणाला.

चटई एकदा घातली की भांडण मिटेपर्यंत गुंडाळायची नसते. आणि मधे बसणाऱ्याने आधी पान-सुपारीवर हात ठेवून शपथ घ्यायची असते. लाउरिंदुने हात ठेवला.

"या भांडणात माझं काही नाही."

मग तो म्हणाला, "खुणा सांगा."

"उंच होता," बेन्विंदा म्हणाली.

"माझाही उंच. आणि त्याचा पुढचा दात तुटलेला होता," मार्सेलिना म्हणाली.

"या कवटीला पुढचे दातच नाहीत," तोमे म्हणाला.

"मग तुटलेलेच ना ते!"

लोक हसले. बेन्विंदालाही हसू आलं. मग तिने डोक्यावरच्या काळ्या फडक्याने तोंड झाकलं. "एकटाच पडला असेल गं चिखलात. कुत्र्यासारखा."

"नाही," लाउरिंदु म्हणाला. "वर दगड रचले होते. कुणीतरी नीट ठेवलं होतं त्याला."



लाउरिंदुची बायको आगुस्तिन्या कॉफी घेऊन आली. पेले देता देता म्हणाली, "बायांनो, तुमच्यापेक्षा माझं नशीब बरं. आमचा पोरगा सेल्सु तेव्हाच सीमेपलीकडे गेला. यांनी स्वतः बघितलं त्याला ट्रकमध्ये चढताना. गेला तो गेलाच, पण जिवंत तर आहे. एक दिवस आमच्यावरचा राग गिळून येईल घरी."

"येईल हो, वहिनी," मार्सेलिना म्हणाली.

"कॉफीत साखर कमी आहे," लाउरिंदु म्हणाला. आगुस्तिन्या साखर आणायला गेली.

मग त्याने विचारलं, "बेन्विंदा, समज कोर्टाने सांगितलं की हा मार्सेलिनाचा. मग?"

"मग कशाला जगू मी?"

"मार्सेलिना, आणि हिचा निघाला तर?"

मार्सेलिनाने टोपलीची कड घट्ट धरली.

"आणि दोघींचाही नाही निघाला तर?"

आता बेन्विंदानेही दुसरी कड धरली.

"कोर्ट फार तर एकीला मुलगा देईल. माझ्यापाशी दुसरा न्याय आहे. एक खड्डा, दोन आया."

तोमे उसळला. "आणि खरं काय, दादा? त्याचं काय?"

"खरं त्याला ठाऊक आहे." लाउरिंदुने टोपलीकडे बोट केलं. "तो कुठे भांडतोय?"

वारा सुटला होता. बेन्विंदा टोपलीवरचं फडकं सारखं करत म्हणाली, "कुणाच्या तरी पोटचा आहेच ना."

मार्सेलिनाने आपली पानाची पिशवी तिच्याकडे सरकवली. "घे. पण पहिली मूठ माती मी टाकणार."

"टाक बाई. तुला कायमचीच घाई. माझ्या लग्नात माझ्याआधी जेवायला बसली होतीस तू!"

चटई गुंडाळली गेली. घरी आल्यावर लाउरिंदु बायकोला म्हणाला, "पेटीतलं ते वस्त्र दे. हाडं गुंडाळायला."

"ते तर सेल्सुच्या लग्नासाठी विणलंय मी."

"दे."

"आणि तो आला म्हणजे?"

"तो आला तर दुसरं विण."

ती कुरकुरली, पण तिने दिलं. पुरताना दोघी आया दोन नावांनी रडल्या. क्रूसावर कुठलं नाव लिहायचं, असं तोमेने विचारलं, तेव्हा लाउरिंदु म्हणाला, नाव नको. वर्षाने दोघींनी एकाच दिवशी काळं उतरवलं. गाव जेवलं, नाचलं. बेन्विंदाने जांभळा झगा घातला होता. मार्सेलिना म्हणाली, वांग्यासारखी दिसतेस.

लाउरिंदु २०११ मध्ये मेला. आगुस्तिन्या मुलाची वाट पाहत २०१५ मध्ये, मक्याच्या काढणीच्या दिवसांत वारली. सेल्सु सप्टेंबर १९९९ मध्येच त्या घळीत, बापाच्या मांडीवर मेला होता. तिथे दुसरं कुणी नव्हतं.