बटाटा हवालदार

पाहुण्यांच्या गाड्या पथारीवर येऊन थांबल्या आणि हिलालदादांचं सगळं पाठांतर पुसलं गेलं.

पथारी म्हणजे मिरची वाळवायचं मैदान; हे शांतीलालभाईंचं, नंदुरबारच्या बाहेर. मोकळ्या रानात मिरची वाळत पडलेली, आणि कडेला कापडी आडोशाखाली बाया देठ खुडत बसलेल्या. मोझांबिकहून काही माणसं आली होती. त्यांच्याकडची तूर इकडे येते, आता इकडची मिरची वाळवायची रीत त्यांना तिकडे न्यायची होती. शांतीलालभाईंनी दादांच्या गावी, रनाळ्याला, मुद्दाम निरोप धाडला होता, "दादा, तुम्ही तठे ऱ्हायेल शेतस. या."

राहिले होते खरेच. ऐन तरुणपणी, निळी टोपी घालून, संयुक्त राष्ट्रांच्या फौजेत. तिकडची लढाई नुकती थांबली होती आणि निवडणूक व्हायची होती. रस्त्यातले सुरुंग काढायचे आणि मग त्याच रस्त्याने मतपेट्या पोचवायच्या, हे दादांच्या तुकडीचं काम.

पण गावात दादा सुरुंगांचं कधी सांगत नसत. सांगत ते तिकडच्या पोर्तुगीज शब्दांचं. "तठे बी बटाटाले बटाटाच म्हंतस. साबनले साबन, बालदीले बालदी, पावले पाव. माले तं घरनासारखंच वाटे." ऐकणारे पोट धरून हसायचे. एवढ्या समुद्रापल्याड बटाटा? गावाने त्यांचं नाव बटाटा हवालदार ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. घरात त्यांची बायको धनुबाईही काही कमी नव्हती. दादांनी गोष्ट काढली की म्हणायची, "ऱ्हाऊ द्या. कितलं फेकतस तुम्ही." दादांना बाकी काही नको होतं. कुणीतरी एकदा खरं मानावं, एवढंच.

आज साक्षीदार दारात आले होते, आणि नेमका आज घोकून ठेवलेला एकही शब्द आठवेना. निळी टोपी खिशात होती, तीही बाहेर निघेना. दादा नुसते हात जोडून उभे राहिले. पाहुणे नमस्कार घेऊन पुढे गेले. रुचिका नावाची दुभाषी मुलगी त्यांना घेऊन पत्र्याच्या शेडमध्ये शिरली, शांतीलालभाईंचं म्हणणं समजावून सांगायला. दादांना स्वतःचाच राग आला.

पाहुण्यांतली एक बाई मात्र मागे राहिली. सेलेस्त तिचं नाव, चाळिशी ओलांडलेली. ती बायांमध्ये फतकल मारून बसली, हौसेने देठ खुडले आणि त्याच हाताने डोळा पुसला. मग काय विचारता. बाई ताडकन उभी राहिली आणि डोळा मिटून, हात झटकत काहीतरी मागू लागली.

"काय म्हनी ऱ्हायनी वं ती?" गुलाबबाईने शेजारणीला विचारलं.

"सबांव," बाई म्हणाली. "सबांव, सबांव."

दादा समोरच होते. शब्द ओळखीचा वाटला, पण त्या गोंधळात डोक्यात काही शिरेना.

आडोशाखालून धनुबाई उठली. दादांबरोबर आली होती आणि रिकामं कशाला बसायचं म्हणून तीही खुडायला लागली होती. "साबन मांगी ऱ्हायनी ती," ती म्हणाली. "आना वं कोनी. बालदी बी आना."

"सीं, बाल्द," बाईने डोळा मिटूनच मान हलवली.

बायांचे हात थांबले. मग गुलाबबाई हळूच म्हणाली, "धनुबाई, हवालदार खरं सांगेत वं."

धनुबाईने पाहुणीचे हात साबणाने चोळचोळून धुतले, डोळ्यावर पाणी मारलं आणि पदराने तोंड पुसून दिलं. तेवढ्यात रुचिका धावत आली.

आता कुठे दादांना कंठ फुटला. त्यांनी खिशातली टोपी काढली आणि विचारलं ते शब्दांचं नाहीच, दुसरंच काहीतरी. "यांना विचार, पोरी. मत पडलं त्या दिवशी आम्ही पेट्या घेऊन पोचलो, तर लोक अंधारातच येऊन रांगेत बसलेले. पुढे सुखात राहिले का ते?"

रुचिकाने विचारलं. सेलेस्त टोपीकडे बघत राहिली, मग सावकाश बोलली.

"त्या म्हणतात, सगळंच नीट झालं असं नाही," रुचिका सांगू लागली. "मधे पुन्हा बंदुका निघाल्या, पुन्हा थांबल्या. पण त्या दिवशी त्यांची आईसुद्धा रांगेत होती. बोटाला शाई लावून घरी आली, आणि शाई जाईल म्हणून कितीतरी दिवस त्या बोटाला साबण लागू दिला नाही. या लहान होत्या तेव्हा. ते बोट आठवतं म्हणतात, आणि निळ्या टोप्यापण."

दादांचे डोळे भरून आले. मिरचीचा ठसका लागल्याचं निमित्त करून त्यांनी तोंड फिरवलं, पण पथारीवरच्या बायांना ठसका ओळखता येतो.

गाड्या गेल्यावर ते धनुबाईजवळ येऊन बसले.

"माले नही समजनं, तुले कसं समजनं?"

"तीस वरीसफाईन तेच ऐकस ना मी."

"मंग मी फेकस, आसं कसाले म्हने तू?"

धनुबाईने एक मिरची उचलली आणि देठ खुडला.

"एकदाव खरं मानी लिधं व्हतं, तं तुम्ही सांगानं सोडी देतात."